आंबेडकरी माणसाने जपानला फिरायला जावे का?

गेल्या रविवारी वंदना आटोपून आम्ही दोघे विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. सोबत नववीतली लेक होती. तिनेच बातमी फोडली, "काका, आम्ही मे महिन्यात जपानला चाललोय!"

काका म्हणजे आमच्या वस्तीतले जुने कार्यकर्ते. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. ते हसले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "जा बाबांनो, जरूर जा. पण एवढ्या पैशांत विहारात अभ्यासिका झाली असती."

काकांच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणूनच ते टोचले. तिघांचा मिळून पावणेपाच लाखांचा अंदाज आहे. तीन वर्षे दरमहा आरडी भरून ही रक्कम जमवली. उत्पन्नाचा विसावा हिस्सा समाजासाठी द्या, हे बाबासाहेबांचे सांगणे आम्ही नोकरीला लागल्यापासून पाळतो. तो हिस्सा आधी बाजूला पडतो, मग उरलेल्यातून बाकीचे. तरीही प्रश्न उरतोच. आंबेडकरी माणसाने मौजेसाठी परदेशी जावे का? आणि गेलाच तर त्याच्या जाण्यात आणि इतरांच्या जाण्यात काही फरक असावा का? या दोन प्रश्नांची आमची उत्तरे इथे मांडतो आहोत.

आमच्या आईवडिलांनी प्रवास कमी केला असे नाही. ऊसतोडीला बैलगाडीतून गेले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेले. पोटासाठी प्रवास झाला, बाबासाहेबांसाठी प्रवास झाला. पण 'फिरायला जाणे' हा शब्द आमच्या घरात नव्हता. नुसते बघायला, नुसते आनंदासाठी जाणारी आमची पहिली पिढी. या आनंदाची लाज का वाटावी?

आणि बाबासाहेब सहलीला गेले नव्हते का? १९३४ साली तीसेक कार्यकर्त्यांसह ते वेरूळ आणि दौलताबाद पाहायला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरवून सहल आखली होती. दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोहोचले तेव्हा सगळे धुळीने माखलेले. दाराशेजारच्या तळ्यावर काहींनी हात-तोंड धुतले आणि तळे बाटवले म्हणून तिथल्या लोकांनी एकच गोंधळ घातला. शेवटी किल्ला पाहू दिला तो कसा, तर पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई देऊन! बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. आपण तो अन्यायाचा प्रसंग म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. चळवळीच्या ऐन धामधुमीत बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्रेक्षणीय स्थळे पाहायला वेळ काढत होते. जग पाहणे हा त्यांना आपला हक्क वाटत होता. आज आम्ही खराखुरा व्हिसा मागायला बसलो आहोत. काका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापुरते इतके स्पष्ट आहे.

आता दुसरा प्रश्न. जायचे कसे?

पहिल्यांदा आम्हीही एका टूर कंपनीचे माहितीपत्रक आणले. सोबत स्वयंपाकी, शुद्ध शाकाहारी जेवण, घरच्यासारखे वातावरण. हे 'घरच्यासारखे वातावरण' आम्ही एकदा केरळच्या सहलीत अनुभवले आहे. बस सुटून अर्धा तास होत नाही तोच मागच्या सीटवरच्या काकूंनी विचारले, "तुमचं आडनाव काय?" सांगितले. "म्हणजे मूळचे कुठले?" सांगितले. त्यानंतर सहा दिवस त्या बसमध्ये डबे फिरले, लाडू-चकल्या फिरल्या, पण आमच्या सीटपाशी येईपर्यंत दरवेळी संपलेल्या असत. पावणेपाच लाख भरून तोच प्रश्न टोकियोपर्यंत सोबत कशाला न्यायचा? म्हणून आम्ही स्वतःच आखणी करायचे ठरवले.

जपानच्या व्हिसाला बँकेचे स्टेटमेंट आणि आयकराच्या कागदांसोबत एक तक्ता जोडावा लागतो. कोणत्या तारखेला कुठे असणार, कुठे राहणार, हे दिवसवार लिहायचे. आमच्या घरात महिनाभर या तक्त्यावरून वाद चालला आहे. पण या कागदानेच आम्हाला विचार करायला लावले.

आधी सोप्या गोष्टी. एप्रिलच्या अखेरीपासून पाच मेपर्यंत जपानमध्ये लागोपाठ सुट्ट्या असतात, त्यांना 'गोल्डन वीक' म्हणतात. त्या दिवसांत गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढतात. जूनमध्ये पाऊस सुरू होतो. म्हणून बुद्धपौर्णिमा आपल्या विहारात साजरी करून, गोल्डन वीक संपल्यावर निघायचे. (जपानी लोक बुद्धजयंती ८ एप्रिलला करतात आणि बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात, हे आम्हाला आताच कळले.) टोकियोत उतरायचे आणि ओसाकाहून परतायचे, म्हणजे उलट प्रवासाचे भाडे वाचते. रेल्वेचा प्रसिद्ध सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते क्योतो बुलेट ट्रेनचे एकेरी तिकीट साधारण १४ हजार येन. आम्हाला ते एकदाच लागणार, म्हणून पास नको. तरुण मित्रांनी हा हिशेब लक्षात ठेवावा.

टोकियोचे चार दिवस आम्ही लेकीच्या हवाली केले आहेत. शिबुयाचा तो चौक, जिथे सिग्नल सुटला की चारी बाजूंनी माणसे एकदम रस्त्यावर उतरतात. अकिहाबारातली ॲनिमेची दुकाने. असाकुसाचे सेन्सो-जी मंदिर. ६३४ मीटरचा स्कायट्री तिला हवा होता, पण शिंजुकूच्या सरकारी इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून शहर फुकट दिसते, असा आम्ही तोडगा काढला. या चार दिवसांत इतिहास नाही, भाषण नाही. पोरीने मनसोक्त भटकावे. तिच्या आजीने चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात खुरपे धरले होते. नातीने त्याच वयात टोकियोत आइस्क्रीम खात हिंडावे, यापेक्षा मोठे भाषण आम्हाला देता येणार नाही.

खरा वाद क्योतोवरून झाला. कारण क्योतो म्हणजे 'पारंपरिक जपान'. देवळे, बागा, लाकडी घरे, चहाचे विधी. परंपरा म्हटले की आपले कान टवकारतात. परंपरा कोणाची आणि ती राबवली कोणी? आपल्याकडच्या किल्ल्यांबद्दल आणि देवळांबद्दल आपण हे विचारतो. मग जपानबद्दल का विचारू नये?

विचारले, आणि वाचत गेलो तेव्हा आम्ही दोघेही रात्री उशिरापर्यंत जागे राहिलो.

जपानमध्येही अस्पृश्य होते. मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे आणि कमावणे, गुन्हेगारांना फाशी देणे ही कामे ज्यांच्या माथी मारली त्यांना 'एता' म्हणत. या शब्दाची चिन्हे 'फार घाण' अशी लिहिली जात. दुसरा गट 'हिनिन', म्हणजे माणूस नसलेले. वस्ती वेगळी, लग्ने वेगळी, धंदा वंशपरंपरेने. १८७१ साली सरकारने फर्मान काढून हे भेद कागदावर संपवले. त्यांच्या वंशजांना आज बुराकुमिन म्हणतात. बुराकु म्हणजे वस्ती, पाडा. 'वस्तीतले लोक'! यावर आणखी काही सांगायला हवे का?

आता क्योतोच्या बागांकडे या. मध्ययुगात नदीकाठच्या ओसाड जागेत राहणाऱ्या, कातडी धुणाऱ्या लोकांना 'कावारामोनो', म्हणजे नदीकाठचे लोक, म्हणत. माती खणणे, दगड हलवणे हेही विटाळाचे काम मानले जाई, म्हणून तेही यांच्याकडेच आले. आणि त्यातून या लोकांनी बागेची कला घडवली. पंधराव्या शतकातला शोगुन आशिकागा योशिमासा याचा सर्वांत नावाजलेला बागकार झेनआमी हा कावारामोनो होता. गिनकाकु-जी, म्हणजे ज्याला पर्यटक 'चंदेरी मंडप' म्हणतात, तिथल्या बागेशी झेनआमीच्या नातवाचे, माताशिरोचे नाव जोडलेले आहे. खाटकाच्या घरात जन्म झाल्याचे दुःख त्याने एका झेन भिक्खूपाशी बोलून दाखवले होते आणि त्या भिक्खूने ते रोजनिशीत टिपून ठेवले. र्‍योआन-जीची ती पंधरा दगडांची जगप्रसिद्ध बाग घ्या. लोक तिथे बसून तासन् तास ध्यान करतात. ती कोणी रचली यावर वाद आहे, पण एका दगडाच्या मागच्या बाजूला दोन नावे कोरलेली आहेत. ती नदीकाठच्या कामगारांची असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. नावे मागच्या बाजूला आहेत. समोर बसणाऱ्याला दिसत नाहीत.

आम्ही र्‍योआन-जीला जाणार. तिकीट काढणार, त्या फळ्यांवर बसणार. पण आम्हाला ती बाग 'झेन शांतता' म्हणून पाहता येणार नाही. ती आमच्यासारख्याच कोणाच्या तरी हातची करामत म्हणून पाहू, आणि अभिमानाने पाहू.

ढोलांचेही तेच. उत्सवात वाजणाऱ्या ढोलांची कातडी कमावली ती या लोकांनी आणि उत्सवातून बाहेर ठेवले तेही यांनाच. आपल्या हलगीची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे का? ओसाकातल्या वस्तीतल्या तरुणांनी १९८७ साली स्वतःचे ढोलपथक काढले आणि नाव ठेवले 'इकारी'. इकारी म्हणजे राग.

मांसाचे तर विचारूच नका. इ.स. ६७५ मध्ये बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली सम्राट तेन्मूने गाय-घोड्यासह काही प्राण्यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ले आणि ते प्रतिष्ठित झाले. आज जपानी बीफ जगभर चढ्या भावाने विकले जाते, पण ते कापणाऱ्यांवरचा डाग पुसला गेला नाही. टोकियोत शिनागावा स्टेशनजवळच्या मांसबाजारात एक माहिती दालन आहे. तिथल्या कामगारांना आलेली शिवीगाळीची निनावी पत्रे त्यांनी तिथेच मांडून ठेवली आहेत. २०१५ पासून ज्या राज्यात बैलाच्या मांसावर बंदी आहे, तिथून जाणाऱ्या माणसाने ते दालन पाहायलाच हवे. लेकीच्या चार दिवसांतला एक तास आम्ही यासाठी उसना मागितला आहे.

आपल्याकडे जात आडनावावरून हुंगतात. जपानमध्ये आडनावावरून कळत नाही, चेहऱ्यावरून कळत नाही. तिथे पत्ता हुंगतात. १९७५ साली उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुपचूप विकल्या जात होत्या आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. कशासाठी? नोकरीला आलेला उमेदवार कुठल्या वस्तीतला, हे पाहण्यासाठी. लग्न जुळवतानाही खासगी गुप्तहेर लावून पत्ते काढले जात. २०१६ साली जपानच्या संसदेला बुराकु भेदभाव संपवण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, म्हणजे तोपर्यंत तो संपला नव्हता हे सरकारनेच मान्य केले. बसमधल्या काकू आणि त्या कंपन्या यांच्यात आम्हाला तरी फरक दिसत नाही.

इथे तरुण मित्रांना एक विनंती आहे. हे वाचून उत्साहाने मोबाइल घेऊन 'तिकडच्या वस्त्या' शोधत फिरू नका. जिथे पत्ता हीच जात आहे, तिथे वस्तीचा फोटो नावासकट टाकणे म्हणजे त्या याद्यांमध्ये भर घालणे. म्हणून या लेखातही आम्ही वस्त्यांची नावे दिलेली नाहीत. त्या लोकांनी स्वतः उघडलेल्या जागा आहेत. तिथे जा.

उदाहरणार्थ, क्योतो स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर यानागिहारा बँकेचे स्मृतिसंग्रहालय आहे. बुराकु व्यावसायिकांना दुसऱ्या बँका कर्ज देत नव्हत्या, म्हणून १८९९ साली त्यांनी स्वतःची बँक काढली. लाखो पर्यटक क्योतो स्टेशनवर उतरून सोनेरी मंडपाकडे पळतात. आम्ही आधी इकडे जाणार. आर्थिक स्वावलंबनावर आपण परिषदा भरवतो, तर त्याचे सव्वाशे वर्षांपूर्वीचे उदाहरण डोळ्यांनी पाहून यावे.

त्यानंतर ओकाझाकी. हेइआन देवस्थानाची प्रचंड लाल कमान याच भागात आहे, सगळे तिथे फोटो काढतात. याच परिसरात ३ मार्च १९२२ रोजी बुराकु लोकांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. त्या जागी स्मारकाचा दगड आहे. आमच्यावर दया नको, आमची मुक्ती आम्हीच मिळवू, हा त्यांच्या जाहीरनाम्याचा गाभा. काट्यांच्या मुकुटाचा झेंडा त्यांनी फडकवला. त्या सभेत यामादा कोनोजिरो नावाचा सोळा वर्षांचा मुलगा बोलला होता. ही १९२२ ची गोष्ट आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची आणि महाडचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. एकमेकांना न ओळखणारे दोन समाज पाच वर्षांच्या अंतराने तेच म्हणत उठले. नारा प्रांतातल्या गोसे शहरात सुइहेइशाचे संग्रहालय आहे. नाराच्या बुद्धमूर्तीसोबत तोही एक दिवस आमच्या तक्त्यात आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. आपल्यातले बरेच जण जपानला 'बौद्ध राष्ट्र' म्हणून हात जोडतात. आम्हीही जोडत होतो. मूळचे जपानचे भदंत सुरई ससाई नागपूरला आले आणि इथल्या समाजाचे झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने उभे राहिले, आमच्या आईने पाहिलेले 'जपान' तेच. नाराच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन इ.स. ७५२ मध्ये भारतातून गेलेल्या बोधिसेन भिक्खूंच्या हातून झाले. हा ऋणानुबंध खरा आहे.

पण हेही खरे आहे की त्याच बौद्ध जपानने अस्पृश्यता पाळली. इतकेच नव्हे, काही बौद्ध मंदिरांनी बुराकु मृतांना जी धर्मनावे दिली त्यांत 'पशू', 'नीच' अशा अर्थाची चिन्हे घुसवली आणि ती थडग्यांवर कोरली. माणूस मेल्यावरही जात सोडली नाही! १९७९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या धर्मपरिषदेत जपानच्या बौद्ध महासंघाचे प्रमुख माचिदा मुनेओ यांनी जपानमध्ये असा भेदभावच नाही, असे सांगितले. बुराकु संघटनांनी जाब विचारला, तेव्हा त्यांना पुढे माफी मागावी लागली आणि त्यांच्या सोतो झेन पंथाला ती थडगी शोधून दुरुस्ती करावी लागली. कोयासान या पवित्र डोंगरावर शतकानुशतके स्त्रियांना प्रवेश नव्हता. १८७२ साली सरकारने देवस्थानांवरची अशी बंदी उठवली, तरी डोंगराच्या वेशीवरचे 'न्योनिन-दो', म्हणजे स्त्रियांना जिथपर्यंतच येता येई ते देऊळ, आजही उभे आहे.

म्हणजे बुद्धाची मूर्ती बसवली की जात आपोआप जात नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, धम्माची मांडणी नव्याने का केली, याचे उत्तर आम्हाला क्योतोच्या आखणीत मिळाले. आपल्या विहारांतही पोटजातींच्या भिंती उभ्या राहत आहेत, लग्नाच्या जाहिरातींत 'बौद्ध' लिहून कंसात काहीतरी सुचवले जात आहे. जपानकडे बोट दाखवताना हे विसरू नये.

त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. तक्त्यातली शेवटून दुसरी रात्र आम्ही कोयासानला ठेवली आहे. मुक्काम महाग आहे, त्यासाठी ओसाकाचे हॉटेल साधे घेतले. आधी लेकीला न्योनिन-दो दाखवायचे, मग तिने चालत वर जाऊन बाबासाहेबांना वंदन करायचे, असा तिच्या आईचा आग्रह आहे. तो मंजूर झाला आहे.

काल तक्ता पुरा झाला. दहा रात्री. टोकियो चार, क्योतो चार, कोयासान एक, ओसाका एक. संध्याकाळी तो घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. बँकेपाशी थांबले. सुइहेइशापाशी परत थांबले, लेकीकडून उच्चार नीट करून घेतला. मग म्हणाले, "हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही गं." आणि जरा वेळाने, "आल्यावर एक रविवार तुझा. विहारात पोरांना सगळं सांगायचं. शिबुयाचंसुद्धा."

अभ्यासिकेचा प्रश्न तरीही शिल्लक आहे, आणि काकांचा मुद्दा आम्ही टाळणार नाही. परतल्यावर आरडी पुन्हा सुरू होईल, ती अभ्यासिकेच्या नावाने. वस्तीतल्या आणखी दहा नोकरदार घरांनी तशीच सुरू करावी, ही त्यांना जाहीर विनंती. सहल की अभ्यासिका, असे भांडण लावून आपण दोन्हीला मुकतो. ज्यांच्या बापजाद्यांना दौलताबादचे तळे नाकारले, त्यांच्या पोरांनी अभ्यासही करावा आणि जगही हिंडावे. फक्त कुठेही गेलात तरी दगडाच्या मागच्या बाजूला कोणाची नावे आहेत, ते वाकून पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!